चढावरचा आकडा

आमच्या गल्लीत त्याला सगळे डुबकी म्हणतात. खरं नाव त्याच्या बायकोलाही चटकन आठवत नसेल. बत्तीस वर्षं त्याच्या गॅरेजला लागून माझं सायलेन्सर जोडायचं दुकान होतं. मधे फक्त एक पत्रा. त्याला माझ्या गॅसची फुसफुस ऐकू यायची, मला त्याचं गुणगुणणं. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी ऐकायचं सोडलं तेव्हा मी दुकान सोडलं. गॅस वेल्डिंगचा संच तेवढा ठेवला.

डुबकी हे नाव कामाच्या पद्धतीवरून पडलं. त्याच्या बाकाच्या उजव्या टोकाला एक पसरट घमेलं असतं, त्यात चार बोटं पेट्रोल. गाडीतून निघालेली किंवा गाडीत जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्या घमेल्यात जाते. जुनी तर जातेच, नवीही जाते. खोक्यातून काढली की बुडवली, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासली, हवा मारली, धुतलेल्या फडक्यावर ठेवली. मगच हातात घ्यायची. नव्या वस्तूला कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, कारखान्यात तिला कुणाकुणाचे हात लागलेत ते तुम्ही पाहिलंत का. कंटाळवाणं काम आहे, पण त्यात त्याने कधी टाळाटाळ केली नाही. मी पाहिलेल्या कार्बोरेटर मेकॅनिकांत इतकं स्वच्छ काम दुसऱ्या कोणाचं नव्हतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं बरंचसं चिडून लिहिलेलं असेल.

दुसरी गोष्ट त्याचा कान. इंजिन चालू ठेवून, बॉनेट उघडं टाकून तो समोर उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि कार्बोरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवायचा. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. आवाज गुळगुळीत झाला की डोळे उघडायचा. झालं काम. गाडी चालवून बघणं नाही. गाडीत बसलं की त्याला मळमळतं, अगदी लहानपणापासून. ‘गाड्यांवर पोट भरतं, पण गाडीत पोट ठरत नाही,’ हे तो स्वतःच हसत सांगायचा. गॅरेजला पायी, बाजारात पायी, सगळीकडे पायी. चालवून बघायचं काम गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाईक सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून यायचं, मान डोलवायचं आणि जायचं. इतक्या वर्षांत परत आलेल्या गाड्या मी हाताच्या बोटांवर मोजू शकतो.

त्यातली एक त्याच्या बहिणीची.

त्याची धाकटी बहीण गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत राहते. वयाने माझ्याहून लहान असली तरी मी तिला ताईच म्हणतो. अकरा वर्षं ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. व्हॅन जुनी, कार्बोरेटरवाली. तिचं सगळं काम अर्थातच डुबकीकडे. दहा वर्षं शाळा सपाटीवर होती आणि काही बिघडलं नाही. यंदा शाळा टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेली. चार किलोमीटरचा चढ, शेवटचा दीड अंगावर येणारा.

पहिल्याच महिन्यात व्हॅन चढावर बंद पडली. चौदा मुलं रस्त्याच्या कडेला दप्तरांवर बसली. डुबकीने इंजिन उघडलं तर एका पिस्टनला वितळून भोक पडलं होतं, त्यातून माझी करंगळी गेली असती. त्याने नवा पिस्टन घातला, उभं राहून कानाने इंजिन लावलं आणि निकाल दिला. दोष चालवण्याचा. चढावर ती तिसऱ्या गिअरवरच ओढत राहते, दुसरा वेळेवर टाकत नाही, त्यामुळे इंजिन कोंडतं. ताईने ऐकून घेतलं. तिने दुसरा गिअर लवकर टाकायला सुरुवात केली. पाच आठवड्यांनी पुन्हा त्याच पिस्टनला तसंच भोक. त्याने तो पुन्हा बदलला आणि निकालही तोच दिला.

शाळेत गाड्यांचं बघणारा एक कारकून आहे. त्याने ताईला बोलावून सांगितलं की तिसऱ्यांदा बंद पडली तर मुलं दुसऱ्या गाडीत जातील. तीन घरांनी तेवढीही वाट पाहिली नाही. चौदाची अकरा झाली. मधे शाळेला आठवड्याची सुट्टी लागली म्हणून थोडा श्वास मिळाला. सोमवारी शाळा उघडणार होती आणि व्हॅन वर जायला हवी होती.

गुरुवारी सकाळी डुबकीने मला निरोप पाठवला, गॅस घेऊन ये. मी गेलो तर बाकावर एक खोकं होतं आणि ताई त्याच्याशेजारी उभी होती. सुटे भाग विकणाऱ्याने तिला सांगितलं होतं की धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवता येतो, त्याचा मीटर समोर लावता येतो, आणि इंजिन पोटात काय खातंय ते चालता चालता दिसतं. कारखान्यातून तिच्या व्हॅनला असलं काही नव्हतं. हे वरून बसवायचं. तिने ते विकत आणलं होतं.

“कान पुरे झाला, दादा,” ती म्हणाली. “आता आकडा दाखव.”

“दाखवतो ना. मग कळेल कोणाचं चुकतं ते.”

दोघं भाऊबहीण एकाच गोष्टीसाठी इतके उत्सुक असलेले मी प्रथमच पाहिले. प्रत्येकाला खात्री होती की आकडा आपल्या बाजूने बोलणार.

माझं काम सरळ होतं, पण सोपं नव्हतं. नळीला भोक पाडायचं आणि त्यावर आट्यांची पोलादी बांगडी जोडायची, तिच्यात सेन्सर पिळून बसतो. भोक कुठे, यालाच महत्त्व. इंजिनाच्या फार जवळ केलं तर सेन्सर भाजतो, फार लांब केलं तर थंड पडतो. नळीच्या पोटाखाली तर कधीच नाही, कारण सकाळी नळीत पाणी साचतं आणि ते सेन्सरला मारतं. घड्याळात दहा आणि दोन जिथे असतात त्यांच्या मधली जागा घ्यायची. मी हाताने चाचपून, दोनदा मोजून खूण केली. बांगडी जोडताना आटे वाकू नयेत म्हणून तिच्यात एक जुना बोल्ट पिळून ठेवला. पाठीवर झोपून, थोडं थोडं करत, चार बाजूंनी आलटून पालटून जोडलं. दीड तास लागला. वीस मिनिटांत करून देणारे आहेत, त्यांचे आटे नंतर बघावेत.

तोवर वर डुबकी सेन्सरकडे बघत होता. मी गाडीखालून बाहेर आलो तेव्हा तो धुऊन झाला होता. बुडवला, ब्रश मारला, हवा मारली. मग वायर लावून त्याने तो घमेल्याच्या वरच्या खिळ्याला टांगला, नेहमी सगळ्या वस्तू निथळायला टांगतो तसा, आणि मीटरचं बटण दाबलं. सेन्सर नळीत घालण्याआधी एकदा उघड्या हवेत तापवावा लागतो, म्हणजे तो हवा ओळखून ठेवतो, एवढं दुकानदाराने ताईला सांगितलं होतं. सेन्सर तापला, लाल झाला, मीटरने बीप केलं. डुबकीने तो नळीत पिळला. मी सगळं समोर बसून पाहिलं.

आकडा म्हणजे एक भाग पेट्रोलला किती भाग हवा जाते ते. पावणेपंधराच्या आसपास दोन्ही बरोबर जुळतात. ओझं ओढताना आकडा तेराच्या खाली यायला हवा, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त आणि आग थंड. आकडा वर चढला की हवा जास्त, आग कडक, पिस्टनचं काही खरं नाही.

इंजिन चालू केलं. मीटरवर साडेसोळा.

डुबकी खाली वाकून बघत राहिला. त्याने डोळे मिटून ऐकलं. आवाज चांगला होता. मलाही चांगला वाटला. पण साडेसोळा म्हणजे इंजिन पेट्रोलविना तडफडायला हवं. त्याने स्क्रू उघडला. सोळा. आणखी उघडला. इंजिन जडपणे धपधपायला लागलं, मागून काळा धूर निघाला, पेट्रोलचा वास नाकात झोंबायला लागला. मीटर पंधरा. प्लग काढला तर त्यावर काजळी, बोट काळं होईल इतकी. पेट्रोल नको तितकं चाललंय हे आंधळ्यालाही कळलं असतं, आणि मीटर म्हणत होता कमी आहे.

त्याने हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “वेल्डर, तुझा जोड गळतोय.”

बाहेरची हवा नळीत शिरली तर सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो आणि आकडा खोटाच वर जातो, हे खरं आहे. पण माझा जोड गळत नव्हता. मी सायलेन्सरच्या शेपटात चिंध्या कोंबल्या, दुसरीकडून हवा सोडली आणि सगळ्या नळीला साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. त्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, थंड असताना बंद असतो, तापल्यावर उघडत असेल. बत्तीस वर्षांत त्याने माझ्या जोडाबद्दल ब्र काढला नव्हता. मी संच उचलून घरी गेलो.

शुक्रवारी सकाळी परत आलो, कारण रात्रभर मलाच शंका खात होती. कानशीने जोड साफ करून पाहिला. चांगला होता. तरी त्याचं समाधान व्हावं म्हणून कापला, नळी घासून चकचकीत केली, बांगडी पुन्हा जोडली. तीन तास. या वेळचा जोड पहिल्यापेक्षा सरस झाला, आणि तसा होण्याची काही गरज नव्हती. आकडा पंधरा. कालचाच.

मग त्याने धुराची नळी इंजिनाला जिथे लागते तिथल्या गॅस्केटवर, सांध्यातल्या पट्टीवर, संशय घेतला. ते बदलताना चारपैकी एक बोल्ट तुटून आत राहिला. त्यात शुक्रवारचा उरलेला दिवस आणि शनिवारची सकाळ गेली. बोल्टाच्या मधोमध भोक पाडायचं, मग उलट्या आट्याचं हत्यार घालून काढायचा. घाई केली तर इंजिनाचं डोकं वाया. त्याने घाई केली नाही. हे काम करताना तो बघण्यासारखा असतो. जीभ दातात, श्वास बंद, मनगट अजिबात हलत नाही. बोल्ट निघाला. गॅस्केट बसलं. आकडा पंधरा.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा घेऊन आली होती. तिने काळ्या धुराकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाली, इतकं पेट्रोल पाजताय, एकदा विचारून तरी बघा पोट भरलं का.

डुबकी हसला नाही. त्याने कार्बोरेटर उतरवला, सुटा केला, सगळे तुकडे घमेल्यात टाकले. तो चौथ्यांदा धूत होता. मी त्याला म्हणालो की धुऊन धुऊन तो झिजेल. त्याने पुढचा तुकडा ब्रशखाली घेतला. मला त्याचा राग येत होता आणि त्याला मीटरचा. ताई दिवसातून तीनदा जिन्यावरून खाली डोकावायची, धूर बघायची आणि वर जायची.

शनिवारी संध्याकाळी ऊन उतरताना ती खाली आली आणि बसली. तिच्यासमोर ते रिकामं खोकं होतं. हाताला काहीतरी हवं म्हणून तिने ते उघडलं. तळाशी घडी केलेला कागद होता. आम्ही दोघांनी तो काढलासुद्धा नव्हता. परकी भाषा, बारीक अक्षरं, पण मधे चित्रं होती. तिने चष्मा लावला.

“दादा, इथे बाटलीतून थेंब पडताना काढलाय आणि त्यावर फुली मारलीय. ती कशाला?”

डुबकी ब्रश हातात धरून थांबला.

“तू तो धुतलास?”

त्याने ब्रश घमेल्याच्या कडेला ठेवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, धुतला, माझ्यासमोर.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

मी त्याला हजारो वस्तू धुताना पाहिलं होतं. त्याने सेन्सर न धुता लावला असता तर मला खटकलं असतं.

“नव्या वस्तूवर तेल असतं,” डुबकी म्हणाला.

“यावर होतं?”

त्याने खोक्याकडे पाहिलं. “नव्हतं.”

दुसऱ्या चित्रात सेन्सर एका खिडकीबाहेर लटकत होता आणि आजूबाजूला वारा दाखवला होता. मग हळूहळू उलगडलं. सेन्सर पेट्रोलने ओला, टांगलेला पेट्रोलच्या घमेल्यावर. तापल्यावर तिथली वाफ तिथेच जळली आणि तिने आजूबाजूचा ऑक्सिजन खाल्ला. त्या उपाशी हवेला सेन्सरने पूर्ण हवा मानलं. त्यानंतर नळीत थोडा जरी ऑक्सिजन दिसला तरी त्याला तो फार वाटायला लागला. म्हणजे अडीच दिवस तो खोटं बोलत होता, आणि ते आम्हीच त्याला शिकवलं होतं. मी एक चांगला जोड कापला होता. त्याने एक चांगलं गॅस्केट फाडलं होतं. सगळं मन लावून.

रविवारी सकाळी सेन्सर काढून गच्चीवर नेला. ताईच्या कपड्यांच्या दोरीला वायरने टांगला, बॅटरीही जिन्यावरून वर चढवली. तासभर तापू दिला, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत. मग वारा वाहत असताना बटण दाबलं. सेन्सर मेला नव्हता, हे नशीब. नळीत बसवून इंजिन चालू केलं तर मीटरवर साडेदहा. म्हणजे आता इंजिन पेट्रोलमध्ये बुडालं होतं, आमच्या कृपेने. डुबकीने स्क्रू मागे घेतले, अगदी गुरुवारी होते तिथवर. चौदा. सव्वाचौदा. स्थिर.

त्याचा चेहरा उजळला. तीन दिवसांत पहिल्यांदा. “बघ,” तो ताईला म्हणाला. “मी कानाने लावलं होतं ते बरोबर होतं. आकडाच सांगतोय.”

म्हणजे पुन्हा तिचाच दोष ठरला. तो तसं बोलला नाही, पण ते बोललं गेलं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, चल मग चढावर.

तो म्हणाला, तूच जा, आकडा मला येऊन सांग.

“दोन महिने मी जे सांगितलं ते तू मानलं नाहीस. आकडा मी सांगितला तर मानशील?”

व्हॅनमध्ये वाळूची आठ पोती भरली होती, चौदा मुलांच्या वजनाइतकी. मुलं तीन कमी झाली असली तरी त्याने वजन चौदाचंच धरलं. ताई म्हणाली की पोरं अशी गप्प बसत असती तर ती अमेरिकेपर्यंत नेऊन आणली असती. डुबकी पुढच्या सीटवर बसला. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला, खिडकी पूर्ण खाली. मी मागे पोत्यांवर.

सपाटीवर चौदा. चढ सुरू झाला, पेडल अर्धं, तरी चौदा. डुबकीचा रंग उतरत चालला होता, पण नजर मीटरवरून हटली नाही. अडीच किलोमीटरनंतर वळण आहे, तिथून रस्ता अंगावर येतो. ताईने पेडल पूर्ण दाबलं.

पावणेपंधरा. सव्वापंधरा. मग पावणेसोळा. इंजिनातून बारीक टणटण यायला लागली, डब्यात खडे हलवावेत तशी.

“इथे मी दुसरा टाकते,” ताई म्हणाली. “रोज याच झाडापाशी. टाकू?”

त्याने मान हलवली. तिने दुसरा टाकला, सफाईने, जरासुद्धा झटका न देता. आकडा पंधराच्या वरच राहिला.

“थांबव.”

तिने थांबवली. तो उतरला आणि कडेच्या झुडपापाशी वाकून ओकला. मी पाणी दिलं. तोंड धुऊन तो सरळ बॉनेटकडे गेला. तापलेल्या इंजिनाने हात भाजत असताना त्याने तिथेच कार्बोरेटरचं पोट उघडलं आणि तळाचं जेट काढलं. पितळेचा छोटा तुकडा असतो, मधे बारीक छिद्र. पेडल पूर्ण दाबलं की सगळं पेट्रोल त्यातून जातं. त्यावर आकडा कोरलेला असतो. त्याने तो उजेडात धरला, मग माझ्या हातात दिला. असायला हवं त्यापेक्षा तीन नंबर बारीक होतं.

ते त्यानेच घातलं होतं. दोन वर्षांपूर्वी ताईने व्हॅन फार पेट्रोल पिते अशी तक्रार केली होती, तेव्हा. सपाटीवर फरक पडला नाही, पेट्रोल वाचलं, ती खूश झाली होती. उभ्या गाडीत ते जेट जवळजवळ झोपलेलं असतं. गॅरेजमध्ये ते कानाला ऐकूच येणार नव्हतं, किती का तयार कान असेना. या आठवड्यात चार वेळा ते त्याच्या घमेल्यातून धुऊन निघालं होतं. छिद्र स्वच्छ आहे का ते त्याने दर वेळी पाहिलं. नंबर एकदाही पाहिला नाही.

हत्यारांच्या पिशवीत जेटांची डबी होती. त्याने योग्य नंबरचं जेट शोधलं, दोनदा वाचलं, मला वाचायला लावलं, बसवलं. ताई व्हॅन पायथ्याशी परत घेऊन गेली. पुन्हा तोच चढ. वळण, झाड, पेडल पूर्ण. आकडा खाली आला. पावणेतेरा. शेवटच्या दीड किलोमीटरभर पावणेतेरा. टणटण नाही. तिला दुसरा गिअर फाटकाजवळ येईपर्यंत टाकावाच लागला नाही.

शाळेच्या बंद फाटकापाशी तिने व्हॅन उभी केली. कोणी उतरलं नाही. डुबकी समोर बघत म्हणाला, “माझं चुकलं.” हे शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

ताईने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“मला नको सांगूस,” ती म्हणाली. “तू म्हणालास माझं चालवणं चुकतंय, म्हणून मी चौदा घरी जाऊन सांगून आले की माझं चालवणं चुकलं. त्या कारकुनासमोरही उभी राहून सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याने ते कागदावर उतरवून घेतलं. जे सांगायचंय ते तिथे सांग.”

मग व्हॅन उताराला लागली. पोती सरकू नयेत म्हणून मी पाय लावून बसलो होतो, एवढंच मला काम होतं.

सोमवारी सकाळी मीही गेलो. अकरा मुलांच्या ओझ्याने जोड पूर्ण तापला की एकदा खालून बघायचा होता. डुबकी पुढे बसला, मांडीवर एक पिशवी उघडी ठेवून. मुलांना ती मौज वाटली आणि ती सगळा रस्ता त्याला विचारत राहिली, काका, आता होतंय का. तो हाताने नाही म्हणत होता. आकडा झाडापाशी पावणेतेरा होता. व्हॅन वर गेली, वेळेआधी सात मिनिटं.

कारकून फाटकाजवळच्या छोट्या खोलीत बसतो. खिडकीतून त्याचं अर्धं अंग दिसतं. डुबकी त्या खिडकीशी गेला. मी गाडीखाली होतो, पण खोली पाच पावलांवर होती. डुबकीने सांगितलं की व्हॅन दोनदा बंद पडली त्यात बाईंच्या चालवण्याचा दोष नव्हता, दोष मेकॅनिकचा होता, आणि मेकॅनिक मी. कारकुनाने विचारलं, आज वर आली ना? डुबकी म्हणाला, आली. मग झालं तर, असं म्हणून कारकून दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलायला लागला. डुबकी थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला.

जोड कोरडा होता, कुठेही काळी रेघ नव्हती. मी अंग झटकत उठलो तेव्हा ताई स्टिअरिंगवर हात ठेवून त्याची वाट बघत होती.

“सांगितलंस?”

“सांगितलं. त्याला ऐकायचं नव्हतं.”

“कागदावर काय आहे?”

त्याला माहीत नव्हतं. त्याने कागद मागितलाच नव्हता.

“मग झालं कुठे,” ती म्हणाली. “माझ्या नावापुढे जे लिहिलंय ते खोडून तुझं लिहून घे. मी थांबते.”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नळीकडे बघत राहिलो. मग तो पुन्हा त्या खिडकीशी गेला आणि कारकुनाचं बोलणं संपेपर्यंत, सदऱ्याच्या बाहीने हात पुसत, तिथेच उभा राहिला.